कावीळ आणि कोवळं ऊन

बाळ पिवळं दिसलं की घरातली मोठी माणसं सांगतात, 'कोवळ्या उन्हात धरा.' सल्ला अगदीच निराधार नाही. १९५६च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात, उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा उतरतो हे एका परिचारिकेच्याच लक्षात आलं. त्यातून निळ्या दिव्यांचे उपचार आले. पण उन्हाची मात्रा मोजता येत नाही, उघडं बाळ गारठतंही. बहुतेकांची कावीळ आपोआप जाते. बिलिरुबिन फार वाढलं तर मात्र मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ते सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असतं, म्हणजे नेमकं बाळ घरी गेल्यावर. म्हणून रुग्णालयांनी घरी सोडतानाच फेरतपासणीची तारीख लिहून द्यावी. पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं दिसलं, दूध ओढेना किंवा सुस्त झालं, तर सकाळच्या उन्हाची वाट पाहू नये.