'अशुद्ध' या शेऱ्याविषयी

उच्च शिक्षणातील आदिवासी विद्यार्थ्यांचा विचार आपल्याकडे बहुधा आरक्षण, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांपुरताच होतो. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या तडवी भिल्ल समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली. त्यानंतर झालेल्या जातिवाचक छळाच्या आरोपांमुळे प्रवेशोत्तर वागणुकीचा प्रश्न ऐरणीवर आला. तथापि अवहेलनेचे एक सभ्य रूप मराठी विभागांतही नांदते. उत्तरपत्रिकेच्या समासातील 'अशुद्ध' हा शेरा हे ते रूप होय.

या शेऱ्यामागील दृष्टीला वसाहतकालीन पूर्वपीठिका आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वारली व कातकरी या बोली मराठीच्या गटात नोंदविल्या गेल्या. आपण ते वर्गीकरण स्वीकारले. मात्र मराठीची प्रतिष्ठा त्या बोलींना दिली नाही.

उल्हासनगरचा दाखला येथे उद्बोधक ठरावा. कॅम्प एकपासून पाचपर्यंत विस्तारलेले हे शहर फाळणीनंतर जुन्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसविले. त्यांच्या भाषेस १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, आणि ते न्याय्यच होते. परंतु अंबरनाथ, मुरबाड, शहापूर या तालुक्यांतील ठाकर-कातकरी पाड्यांवरून शिकावयास येणारा विद्यार्थी याच भूमीचा असूनही भाषेपुरता परका ठरतो.

साहित्याच्या अध्यापनातही हेच घडते. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथाचे मोल निर्विवाद आहे. पण तेथे आदिवासी हा कथनाचा विषय आहे. वाहरू सोनवणे, भुजंग मेश्राम, नजुबाई गावित यांच्या लेखनात तो स्वतः कथनकर्ता होतो. हे लेखन ऐच्छिक प्रश्नपत्रिकेत ठेवून मुख्य प्रवाहाचा इतिहास अबाधित राखणे ही वाङ्मयीन अस्पृश्यताच होय.

प्रमाणभाषा सोडून कसे चालेल, असा आक्षेप घेतला जाईल. ती शिकविलीच पाहिजे; नोकरी, संशोधन आणि न्याय यांची दारे तिच्यातूनच उघडतात. प्रश्न आहे तो तिच्या अभावाला बुद्धीचा अभाव मानण्याचा. म्हणून आशय आणि प्रमाणलेखन यांचे गुण स्वतंत्र द्यावेत. भाषाविज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्याची बोली अभ्याससामग्री म्हणून घ्यावी आणि तिच्यापुरता त्यालाच जाणकार मानावे.

२०२४ मध्ये मराठीस अभिजात दर्जा मिळाला. ज्या बोलींना आपण मराठीच्या म्हणतो, त्या बोलणाऱ्यास वर्गात मान खाली घालावी लागत असेल, तर त्या दर्जाचा अभिमान आपण कोणत्या अधिकाराने बाळगावा?