झाकली मूठ एक लाख तीस हजारांची

३० मे २०२४ रोजी मॅनहॅटनच्या न्यायालयात ज्यूरीच्या बारा सदस्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना एकमताने दोषी ठरवले. त्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांच्या मथळ्यांत एका अभिनेत्रीचे नाव झळकत होते. ज्या ३४ आरोपांवर हा निकाल लागला, त्यांत मात्र स्त्री-पुरुष संबंधांविषयीचा एकही आरोप नव्हता. अकरा बिले, खतावणीतल्या बारा नोंदी आणि अकरा धनादेश असे ते चौतीस कागद होते. अमेरिकेचा एक माजी राष्ट्राध्यक्ष इतिहासात प्रथमच फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरला, तो कीर्द-खतावणीतील खोट्या नोंदींबद्दल. हिशेबातल्या चार ओळींसाठी एवढा खटाटोप कशाला, असे त्यांचे समर्थक म्हणाले, त्यात नवल नाही. परंतु डाव्या विचारांच्या काही मंडळींनीही हे प्रकरण धनिकांच्या घरातली भानगड म्हणून बाजूला सारले. ही उपेक्षा योग्य नव्हे. पैशावर चालणाऱ्या निवडणुकीत सामान्य मतदाराची आणि त्या पैशाची गाठ पडण्याची एकच जागा कायद्याने शिल्लक ठेवली आहे, आणि ती म्हणजे हिशेबवही.

प्रकरणाचा तपशील थोडक्यात असा. ट्रम्प यांच्याशी २००६ मध्ये आपला संबंध आला होता, असे स्टॉर्मी डॅनियल्स या अभिनेत्रीचे म्हणणे. ट्रम्प यांनी ते नेहमीच नाकारले आहे. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी, अध्यक्षीय निवडणूक अगदी तोंडावर आली असताना, ट्रम्प यांची स्त्रियांविषयीची अश्लाघ्य भाषा असलेली एक जुनी ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या पक्षात घबराट उडाली. २७ ऑक्टोबरला त्यांचे वकील मायकेल कोहेन यांनी स्वतःच्या घरावर कर्ज काढून, केवळ याच कामासाठी उभारलेल्या एका कागदी कंपनीमार्फत, १ लाख ३० हजार डॉलर त्या अभिनेत्रीच्या वकिलाकडे पाठवले. करारात दोन्ही पक्षांना टोपणनावे दिलेली होती. मतदान ८ नोव्हेंबरला होते. जी कथा गप्प करण्यासाठी दहा वर्षे कोणी रक्कम मोजली नव्हती, तिला मतदानाच्या बारा दिवस आधी एकाएकी भाव आला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; इथे ती त्याहून थोडी महाग पडली, इतकेच.

पुढचा भाग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. कोहेन यांना पैसे परत करायचे, पण ते कशाचे हे वहीत दिसू द्यायचे नाही. म्हणून १ लाख ३० हजारांत दुसऱ्या एका खर्चाचे ५० हजार मिळवले. ही रक्कम वकिलीचे शुल्क म्हणून दाखवायची, तर तिच्यावर प्राप्तिकर भरावा लागणार. म्हणून ती दुप्पट करून ३ लाख ६० हजार केली. वर ६० हजारांची बक्षिसी देऊन ४ लाख २० हजारांचा आकडा ठरला आणि २०१७ साली दरमहा ३५ हजारांच्या हिशेबाने तो फेडला गेला. अकरांपैकी नऊ धनादेशांवर खुद्द राष्ट्राध्यक्षांची सही होती. मौनाची किंमत एक लाख तीस हजार; ती लपवण्याचा खर्च मात्र त्याहूनही अधिक. निव्वळ कुटुंबाच्या अब्रूसाठी केलेल्या खाजगी खर्चाला असा तिढा घालावा लागत नाही.

याच मालिकेतील दुसरा व्यवहार याहून गंभीर आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. 'नॅशनल एन्क्वायरर' या साप्ताहिकाची मालक कंपनी अमेरिकन मीडिया हिने ऑगस्ट २०१६ मध्ये दुसऱ्या एका स्त्रीकडून तिच्या कथेचे हक्क दीड लाख डॉलरला विकत घेतले, ते छापण्यासाठी नव्हे तर पुरून टाकण्यासाठी. कंपनीचे प्रमुख डेव्हिड पेकर आणि ट्रम्प यांची या प्रकारच्या सहकार्याविषयीची बैठक ऑगस्ट २०१५ मध्येच ट्रम्प टॉवरमध्ये झाली होती. बातमी विकणे हा वृत्तपत्राचा धंदा. इथे वृत्तपत्र वाचकाला बातमी विकण्याऐवजी उमेदवाराला आपले मौन पुरवत होते, आणि त्याची किंमत कंपनीच्या तिजोरीतून भरत होते. निवडणुकीवर परिणाम होऊ नये, हाच त्यामागचा मुख्य हेतू होता, अशी कबुली कंपनीने २०१८ मध्ये सरकारी वकिलांपुढे लेखी दिली. अमेरिकेत कंपन्यांनी उमेदवाराला थेट देणगी देण्यास १९०७ पासून बंदी आहे. वृत्तपत्रांची मालकी मूठभर धनिकांच्या हाती गेल्यावर काय छापले जाते याची चिंता आपण नेहमी करतो. काय विकत घेऊन गाडले जाते याची चिंता तितक्याच गांभीर्याने करायला हवी.

या पैशाला निवडणूक कायद्याच्या कक्षेत कोणी आणि का आणले, हे समजण्यासाठी वॉटरगेटकडे जावे लागते. १७ जून १९७२ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कचेरीत घुसलेल्या पाच इसमांना पकडण्यात आले. त्यांपैकी एकाच्या मायामीतील बँक खात्यात निक्सन यांच्या प्रचारासाठी दिलेला २५ हजार डॉलरचा धनादेश जमा झालेला आढळला, आणि निवडणूक निधीचा धागा पत्रकारांच्या हाती आला. आरोपींनी न्यायालयात तोंड उघडू नये म्हणून पुढे चार लाख डॉलरहून अधिक रक्कम वाटली गेली, आणि तिचा मोठा हिस्सा प्रचारनिधीतला होता. टोनी उलासेविक्झ नावाचा न्यूयॉर्कचा एक निवृत्त पोलीस हा पैसा विमानतळावरच्या लॉकरांत आणि सार्वजनिक दूरध्वनींच्या फळ्यांवर ठेवत फिरे. दूरध्वनीसाठी सुटी नाणी सारखी लागत, म्हणून त्याने बसवाहकाजवळ असते तसले नाण्यांचे यंत्रच घेतले होते. २१ मार्च १९७३ रोजी जॉन डीन यांनी निक्सन यांना सांगितले की, पुढील दोन वर्षांत या मंडळींसाठी दहा लाख डॉलर लागतील. एवढी रक्कम रोखीने मिळवता येईल, असे राष्ट्राध्यक्षांनी उत्तर दिले, आणि ते ध्वनिफितीवर उतरले. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांना जावे लागले. त्याच वर्षी काँग्रेसने १९७१ च्या निवडणूक निधी कायद्यात आमूलाग्र दुरुस्ती करून देणग्यांना मर्यादा घातली आणि त्यावर देखरेख करण्यासाठी स्वतंत्र निवडणूक आयोग नेमला. तोंड बंद ठेवण्यासाठी दिलेला पैसा हा या कायद्याच्या परिघावरचा अपघाती विषय नाही. कायद्याचा जन्मच त्या पैशाच्या धक्क्यातून झाला.

परंतु या कायद्याचा एक विलक्षण गुणधर्म आहे. मौन विकत घेण्यास त्याने कुठेही मनाई केलेली नाही. गप्प बसण्याचा करार अमेरिकेत सर्रास होतो आणि तो वैधही असतो. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून स्वतःच्या प्रचारावर कितीही खर्च करावा, असा मुक्त परवाना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७६ मधील बकली खटल्यात दिला. म्हणजे ट्रम्प यांनी ही रक्कम स्वतः भरून आयोगाला कळवली असती, तर तिच्या आकड्याला कोणतीच हरकत नव्हती. परंतु आयोगाला कळवलेला खर्च जाहीर होतो, आणि जाहीर झालेले मौन हे मौन राहत नाही. म्हणून ही रक्कम कुणातरी तिसऱ्याच्या हातून द्यावी लागते. तिसऱ्याने उमेदवाराच्या संगनमताने प्रचारासाठी केलेला खर्च ही देणगी ठरते, आणि २०१६ मध्ये एका व्यक्तीच्या देणगीची मर्यादा एका निवडणुकीला २,७०० डॉलर होती. कोहेन यांची 'देणगी' तिच्या सुमारे अठ्ठेचाळीस पट भरली. या व्यवहाराचा गुन्हा हिशेबवहीतच का घडतो, याचे उत्तर असे कायद्याच्या बांधणीतच आहे.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकी निवडणूक आयोगाचे माजी अध्यक्ष ब्रॅडली स्मिथ यांनी तो मांडला आहे. उमेदवारी नसतानाही जो खर्च माणसाने केला असता तो प्रचारखर्च नव्हे, हे कायद्याचे तत्त्व आहे. अब्रू वाचवण्याचा खर्च प्रचारखर्च मानला, तर उद्या उमेदवार लोकांच्या देणग्यांतून असली देणी भागवतील आणि ते कायदेशीर ठरेल. हा युक्तिवाद एकदा यशस्वीही ठरला आहे. सिनेटर जॉन एडवर्ड्स २००८ च्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी उभे असताना, त्यांच्यापासून गर्भवती राहिलेल्या स्त्रीला लपवून ठेवण्यासाठी दोन धनिक पाठीराख्यांनी दहा लाखांच्या आसपास डॉलर खर्च केले. त्यांतील एक वृद्ध दानशूर बाई गृहसजावटकाराच्या नावे धनादेश देत आणि त्यावर 'खुर्च्या', 'टेबल' असे लिहीत. आजारी पत्नीपासून हे लपवायचे होते, निवडणुकीशी त्याचा संबंध नव्हता, असा बचाव झाला. मे २०१२ मध्ये ज्यूरीने एका आरोपातून एडवर्ड्स यांना मुक्त केले, उरलेल्या पाचांवर तिचे एकमत होऊ शकले नाही, आणि सरकारने खटला सोडून दिला.

माणसाच्या मनात पत्नी आणि मतदार दोघांचीही भीती एकाच वेळी असू शकते, हे खरे. पण म्हणून कायद्याने हात टेकावेत असे नाही. पैसा केव्हा दिला, कोणी दिला, कोणाच्या सल्ल्याने दिला आणि वहीत काय लिहिले, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतात. ट्रम्प खटल्यात ती मिळाली, एडवर्ड्स खटल्यात ती पुरेशी मिळाली नाहीत. स्मिथ यांच्या आक्षेपावरील उपायही सोपा आहे: लोकांच्या देणग्यांतून असली देणी भागवण्यास स्पष्ट मनाई करावी, आणि उमेदवारासाठी दुसऱ्याने भरलेली अशी प्रत्येक रक्कम, हेतू कोणताही सांगितला तरी, जाहीर करणे बंधनकारक करावे. एडवर्ड्स डेमोक्रॅट होते, ट्रम्प रिपब्लिकन आहेत. या धंद्यात पक्षभेद फारसा मानला जात नाही.

खरी विसंगती निराळीच आहे. एक लाख तीस हजार डॉलर हा गुन्ह्याचा आधार ठरला त्याच २०२४ साली इलॉन मस्क या एका उद्योगपतीने त्याच उमेदवाराच्या आणि त्याच्या पक्षाच्या विजयासाठी पंचवीस कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतला. त्यात कायद्याला काही वावगे दिसले नाही. २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील बंदी उठवली, आणि त्यातून निघालेल्या वाटेने हा पैसा राजरोस आला. मग छोट्या रकमेच्या चोरीवर कागद कशाला खर्चावा? तो अशासाठी, की मस्क यांचा आकडा आज आपल्याला लिहिता येतो तो केवळ आयोगाकडे त्याची नोंद झाली म्हणून. जाहीर करण्याचे बंधन गेले, तर धनसत्तेविरुद्ध उभे राहणाऱ्या पक्षाला दाखवायला आकडासुद्धा उरणार नाही.

या बंधनाची अंमलबजावणी किती दुबळी आहे, तेही याच प्रकरणात दिसले. कोहेन यांना २०१८ मध्ये तीन वर्षांची कैद झाली. अमेरिकन मीडियाच्या वारस कंपनीला आयोगाने २०२१ मध्ये १ लाख ८७ हजार ५०० डॉलर दंड केला. ज्याच्यासाठी हे सारे झाले, त्याच्याविरुद्धची तक्रार मात्र आयोगाच्याच कायदा विभागाची शिफारस डावलून दोन विरुद्ध दोन मतांत अडकली आणि निकालात निघाली. शेवटी न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याखाली खटला उभा राहिला, दोषही सिद्ध झाला, आणि १० जानेवारी २०२५ रोजी न्यायाधीशांनी ना कैद, ना दंड अशी बिनशर्त सुटका फर्मावली. दहा दिवसांनी आरोपीने राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. निकालाविरुद्ध त्यांनी अपीलही केले आहे. मे २०२५ मध्ये तर सहा सदस्यांच्या निवडणूक आयोगात निर्णयासाठी लागणारे चार सदस्यही उरले नाहीत.

यावरून अमेरिकेला नावे ठेवून मोकळे होण्याची सोय आपल्याला नाही. तिथे १९७४ मध्ये कायदा कडक होत होता, त्याच वर्षी ऑक्टोबरात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात असा निर्णय दिला की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरला पाहिजे. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो निर्णय निष्प्रभ केला. पक्षांच्या खर्चाला आपल्याकडे आजही मर्यादा नाही. पुढे २०१७ मध्ये कंपन्यांनी कोणत्या पक्षाला किती दिले, हे नफातोटा पत्रकात दाखवण्याची अट काढून टाकली गेली आणि २०१८ पासून निवडणूक रोखे आले. अमेरिकेत जी नोंद लपवण्यासाठी खोटी बिले करावी लागली, ती आपल्याकडे संसदेच्या संमतीने वगळली गेली. सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेल्यावर १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मतदाराचा माहितीचा हक्क आधारभूत मानून, ती योजना आणि कंपनी कायद्यातला तो बदल रद्द केला. देणाऱ्यांची नावे त्यानंतर मार्चमध्ये बाहेर आली. वीस हजार रुपयांपर्यंतच्या देणग्यांचे देणगीदार मात्र पक्षांनी आयोगाला कळवण्याची गरज अद्यापही नाही. एक मोठी देणगी अनेक लहान पावत्यांत वाटून टाकणे कोणत्याही पक्षाच्या कोषाध्यक्षाला अवघड नसते. ही मर्यादा काढून टाकण्याची आणि पक्षखर्चाला कमाल मर्यादा घालण्याची मागणी समाजवाद्यांनी पुढच्या निवडणुकीआधी लोकांपुढे न्यावी, आणि तत्पूर्वी आपल्या पक्षाच्या जिल्हा समित्यांनी आपल्या पावतीपुस्तकांचे हिशेब कचेरीच्या फलकावर लावावेत.