दर्या आणि दऱ्या

उरण परिसरातील आगरी बोलीचे शब्द विद्यार्थ्यांकडून गोळा करून एका सामायिक जालीय कोशात नोंदवण्याचा उद्योग आम्ही काही प्राध्यापकांनी बरीच वर्षे केला. कोश ज्या सर्व्हरवर होता तो जुना झाला, म्हणून एका सुट्टीच्या दिवशी आम्हांला न विचारता बदलण्यात आला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो शब्दांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा!

कारण साधे होते. मायएस्क्यूएल या विदागार-प्रणालीत 2018 च्या 8.0 आवृत्तीपूर्वी मूळचा अक्षरसंच पश्चिम युरोपीय भाषांचा असे. तो मुद्दाम बदलला नाही, तर त्यात न मावणाऱ्या देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. जुनी प्रत शिल्लक होती म्हणून निभावले.

खरा घोटाळा दुसऱ्या खेपेस झाला. शब्द नीट दिसत होते, सारे खूश होते. महिन्याभराने एका विद्यार्थिनीने दाखवून दिले, की 'दऱ्या'चे सर्वत्र 'दर्या' झाले आहे. जुन्या टंकनात हा अर्धा र साध्या र नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून साधलेला असतो. 'सफाई'त ते चिन्ह निरर्थक समजून गाळले गेले. डोंगरातल्या दऱ्यांत समुद्र शिरला, आणि तंत्रज्ञाला त्याचा पत्ताही नाही. त्याला दोष तरी कसा द्यावा? मराठी वाचणे हे त्याचे काम नव्हते. ते आमचे होते.

सर्व्हर बदलणे म्हणजे पोथीची नवी प्रत करणे होय. नकलांमधून अशुद्ध झालेला ज्ञानेश्वरीचा पाठ एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केला, हे आपण वर्गात शिकवतो. मात्र आपल्याच विद्याची नक्कल होताना 'ते तांत्रिक आहे' म्हणून बाजूला होतो.

मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे. त्याच्यासह सर्व विकिपीडियांचे मुख्य यंत्रकेंद्र जानेवारी 2013 मध्ये फ्लोरिडातून व्हर्जिनियात हलले. 2016 पासून सारा कारभार टेक्सासमधल्या दुसऱ्या केंद्राकडे सोपवून पाहण्याची तालीमही होत आली आहे. तारीख आधी जाहीर होते, संपादन काही मिनिटे थांबते, वाचन चालूच राहते. एवढा पसारा आपल्यापाशी नाही, हे खरे. पण आधी तारीख कळवणे, चाचणीची प्रत काढणे आणि ती मराठी जाणणाऱ्याने वाचेपर्यंत जुने यंत्र बंद न करणे, याला पैसे कुठे लागतात?

आमच्या पुढच्या स्थलांतरासाठी दोनशे शब्दांची तपासयादी केली आहे. 'दऱ्या' पहिला आहे.