अमेरिकेतला शेतकरी कुठे चुकला?



अमेरिकेचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे हजार एकराचा मळा, गार हवेच्या केबिनचा ट्रॅक्टर आणि टोपी घातलेला सुखी शेतकरी उभा राहतो. पण सव्वाशे-दीडशे वर्षांमागे ह्याच देशातला शेतकरी धान्य पिकवून पिकवून कंगाल होत होता. १८७२-७३ च्या हिवाळ्यात कॅन्ससकडच्या शेतकऱ्यांनी मक्याची कणसे शेगडीत जाळली, कारण कोळसा विकत घेण्यापेक्षा मका जाळणे स्वस्त पडत होते. बाजारात नेली तर गाडीभाडेही सुटेना! हा सगळा इतिहास हंगामाच्या तोंडावर सभासदांना सांगावा असे आम्हांस वाटले, त्याला कारण आहे. कारण शेवटी येईलच.

१८६२ साली अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. जो कोणी पश्चिमेकडे जाऊन पाच वर्षे जमीन कसेल, तिथेच राहील, त्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट. आपल्याकडे १६० एकर म्हटले तर तालुक्यात डंका वाजेल. लाखो माणसे बायकापोरे घेऊन निघाली. त्याच वर्षी दुसराही कायदा झाला, रेल्वेचा. पूर्व किनारा पश्चिमेला जोडायचा म्हणून कंपन्यांना कर्ज दिले, वर लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना जमिनी दिल्या. अशा देणग्या पुढेही चालू राहिल्या आणि सगळ्या मिळून सुमारे १३ कोटी एकर जमीन रेल्वे कंपन्यांच्या घशात गेली. शेतकऱ्याला १६० एकर आणि कंपनीला कोटींनी, हा त्या वाटणीचा हिशेब.

आणि ही जमीन सरकारच्या बापजाद्यांची नव्हतीच. तिथे मूळचे लोक राहत होते. लाकोटा जमातीशी १८६८ साली तह केला की ब्लॅक हिल्सचा डोंगर तुमचा. १८७४ साली त्यात सोने निघाले, १८७७ साली डोंगर काढून घेतला. १८८७ साली नवीन कायदा आणून जमातीच्या सामायिक जमिनीचे तुकडे पाडले, उरलेली 'जादा' म्हणून विकली. त्या वर्षी मूळ रहिवाशांकडे १३ कोटी ८० लाख एकर होती, १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख उरली. धरणाखाली किंवा वसाहतीत ज्याची जमीन गेली त्याला ह्या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

रूळ घातले कोणी? पश्चिमेच्या बाजूने बहुतेक काम चिनी मजुरांनी केले. सिएरा नेवाडाचा कातळ फोडून बोगदे काढले. १८६७ च्या जून महिन्यात त्यांनी गोऱ्या मजुराइतकी मजुरी मागून काम बंद केले. कंपनीने काय करावे? शिधा बंद केला. डोंगरात दुकान नाही, गाव नाही. आठवड्याभरात माणसे कामावर परत आली. १८६९ च्या मे महिन्यात दोन्हीकडचे रूळ जुळले तेव्हा सोन्याचा खिळा ठोकण्याचा मोठा समारंभ झाला. त्याच्या गाजलेल्या फोटोत चिनी माणूस शोधून सापडत नाही.

आता गहू पिकला, मका पिकला; पण तो शिकागोला न्यायचा तर रेल्वे एकच. जिथे दोन कंपन्या होत्या तिथे भाडे कमी, जिथे एकच तिथे मनाला येईल ते. लांबच्या गावाला कमी भाडे आणि जवळच्या गावाला जास्त, असलाही प्रकार चाले. स्टेशनाजवळ धान्याची कोठारे होती, तीही मोजक्या लोकांच्या हातात. तिथे काटा त्यांचा, प्रतवारी त्यांची. चांगला गहू हलक्या प्रतीत घालून घ्यायचा आणि आतल्या आत मिसळून चांगल्या प्रतीत विकायचा. वजनकाट्यावरून आपल्याकडे आजही किती कालवा होतो हे सभासदांना ठाऊक आहे. शेतकऱ्याचा पहिला संशय काट्यावर, हे सगळ्या जगात सारखेच दिसते.

ह्यातून १८६७ साली 'ग्रेंज' नावाची शेतकऱ्यांची संघटना निघाली. तिच्या जोरावर इलिनॉयसारख्या राज्यांनी कोठाराचे दर आणि रेल्वेचे भाडे बांधून देणारे कायदे केले. कोठारवाले कोर्टात गेले, 'आमची खाजगी मालमत्ता आहे' म्हणाले. १८७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या धंद्यात सगळ्या लोकांचे हित गुंतले आहे त्याचे दर सरकारला बांधता येतात. शेतकऱ्याने कोर्टात जिंकलेली ती मोठी लढाई.

पण दर पडतच गेले. १८७० च्या सुमारास बुशेलला एक डॉलरच्या आसपास असलेला गहू १८९४ साली अर्ध्या डॉलरवर आला. कापूस त्याच साली पौंडाला पाच सेंटांच्या आसपास. कापसाची ही घसरण आपल्याही घरापर्यंत आलेली आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव आपटला, सावकाराचे कर्ज राहिले. आणि १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. तिकडे दक्षिणेतला शेतकरी वेगळ्या सावकाराच्या तावडीत होता. दुकानदार बी-भरण, पीठ, डुकराचे मांस उधार द्यायचा आणि उभ्या पिकावर बोजा चढवायचा. उधारीचा भाव रोखीपेक्षा कितीतरी जास्त. कापूस निघाला की तो दुकानदाराच्या दारात, आणि वर्षाअखेर खाते काही फिटायचे नाही. पुढल्या वर्षी पुन्हा त्याच दुकानात.

ह्याला उपाय म्हणून टेक्सासच्या शेतकऱ्यांनी काय केले ते सहकारात वावरणाऱ्याने जरूर वाचावे. त्यांच्या 'अलायन्स'ने १८८७ साली डॅलसला खरेदी-विक्रीची मध्यवर्ती संस्था काढली. मॅक्युन नावाचा पुढारी होता. कल्पना अशी, की गावोगावच्या सभासदांनी एकमेकांना जामीन राहून सामायिक रोखे लिहून द्यायचे, त्या रोख्यांवर बँकेकडून उचल घ्यायची, माल एकगठ्ठा घ्यायचा, दुकानदाराचा बोजा संपवायचा. कल्पना उत्तम. पण बँकांनी रोख्यांवर पैसे द्यायचे नाकारले. १८८८ च्या ९ जूनला टेक्सासभर तालुक्या-तालुक्याच्या कचेऱ्यांपुढे शेतकरी जमले, संस्था वाचवायला वर्गणी बोलले. कबूल झाली त्यापेक्षा जमा बरीच कमी झाली, आणि १८८९ संपता संपता संस्था बुडाली. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखाना उभा केला तेव्हा शेतकऱ्यांनी भाग घेतलेच, पण सरकारनेही भाग घेतले आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले. टेक्सासच्या माणसात जिद्द कमी नव्हती. त्याच्या पाठीशी बँक उभी राहिली नाही एवढाच फरक. आपल्यातले काहीजण 'सरकार कशाला सहकारात' असे भाषण ठोकतात, त्यांनी हे प्रकरण एकदा पाहावे.

साखरेचे म्हणाल तर तीही ह्यातून सुटली नाही. १८८७ साली हेन्री हॅवमायर यांनी साखर शुद्ध करणारे कारखाने एका मुठीत आणले, त्याला लोक 'शुगर ट्रस्ट' म्हणत. १८९२ पर्यंत देशातल्या जवळजवळ ९८ टक्के शुद्धीकरणावर त्यांचा ताबा झाला. १८९० साली मक्तेदारीविरुद्ध कायदा झालेला होता. पण १८९५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, साखर बनवणे हे उत्पादन आहे, व्यापार नव्हे, सबब कायदा लागू नाही. त्याच साली त्याच न्यायालयाने रेल्वे कामगारांचे पुढारी यूजीन डेब्ज यांची कैद मात्र कायम केली. पुलमन कंपनीने मजुरी कापली आणि कंपनीच्या चाळींचे भाडे तेवढेच ठेवले, म्हणून १८९४ साली तो संप झाला होता. ट्रस्टला मोकळे रान आणि संपवाल्याला तुरुंग!

इथपर्यंत वाचून सभासद म्हणतील, बिचारा शेतकरी. आम्हीही तसेच म्हणालो असतो. पण लुइझियाना राज्यातल्या ऊसपट्ट्याकडे पाहिले की तोंडातला शब्द तोंडातच राहतो.

१८८७ सालचीच गोष्ट. गुलामगिरी जाऊन वीस-बावीस वर्षे झाली होती. (महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केले, ते गुलामगिरी संपवणारे लोक.) ऊसतोड करणारे बहुतेक काळे मजूर, पूर्वीच्या गुलामांचीच पोरेबाळे. मजुरी दिवसाला एक डॉलर किंवा त्याहूनही कमी, आणि तीही पुष्कळ ठिकाणी रोख नाही. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या मिळत, त्या मालकाच्याच दुकानात चालत. मजुरांची मागणी साधी होती. दिवसाला सव्वा डॉलर द्या, पंधरा दिवसांनी द्या, रोख द्या. 'नाइट्स ऑफ लेबर' ह्या संघटनेमार्फत त्यांनी मळेवाल्यांकडे अर्ज केला, उत्तर आले नाही. १ नोव्हेंबरला, ऐन गळिताच्या तोंडावर, सुमारे दहा हजार मजुरांनी कोयता खाली ठेवला. त्यांत काही गोरेही होते.

मळेवाल्यांची अडचण खोटी नव्हती. तिकडे थंडीचे हिव पडले की उभा ऊस खराब होतो. एकेक दिवस मोलाचा. आपला ऊस तोडीवाचून वाळत असला म्हणजे जिवाची कशी उलघाल होते ते आपण जाणतो. पण त्यांनी बोलणी केली नाहीत. राज्याचे सैन्य मागवले, मजुरांना बायकापोरांसकट वस्तीच्या खोल्यांतून बाहेर काढले. ती माणसे थिबोडो गावात आसऱ्याला आली. सैन्य परत गेल्यावर गावातल्या प्रतिष्ठित गोऱ्या लोकांनी बंदुका घेऊन नाकी अडवली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे गोळीबार सुरू झाला. सरकारी आकडा आठ मेले असा, बाकीचे अंदाज तीसपासून साठपर्यंत जातात. बिनहत्यारी माणसे. उरलेली जुन्याच मजुरीवर कामावर गेली, आणि त्या ऊसपट्ट्यात पुन्हा संघटना उभी राहायला कित्येक दशके जावी लागली.

हे मळेवाले म्हणजे मोठे जमीनदार, साधे शेतकरी नव्हेत, असे कोणी म्हणेल. तर १८९१ चे पाहा. काळ्या शेतकऱ्या-मजुरांची स्वतंत्र अलायन्स होती. तिने कापूस वेचणीला शंभर पौंडाला एक डॉलर मागितला, चालू दर पन्नास सेंट होता. गोऱ्या अलायन्सचे अध्यक्ष लिओनिडास पोक, ज्यांनी रेल्वे आणि बँकांविरुद्ध देश पालथा घातला होता, त्यांनी आपल्या शेतकऱ्यांना सल्ला काय दिला? कापूस शेतात राहिला तरी चालेल, पण पन्नास सेंटांच्या वर देऊ नका. आर्कन्सॉच्या ली काउंटीत तो संप रक्तात बुडाला. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, ह्याच शेतकऱ्यांनी स्वतंत्र पक्ष काढला, अध्यक्षपदाच्या उमेदवाराला दहा लाखांवर मते मिळवली. १८९६ साली ते हरले आणि पक्ष विरघळला. मग दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांची मते काढून घेतली. लुइझियानात १८९६ साली एक लाख तीस हजारांवर काळे मतदार होते, १९०० साली सव्वापाच हजारांच्या आसपास उरले. त्याच कायद्यांत मालमत्तेची, शिक्षणाची अट आली आणि पुष्कळ गरीब गोरा शेतकरीही यादीतून गेला. त्याची बाजू घ्यायला तोवर कोणी उरले नव्हते.

आता आपले. आपल्याकडे बंदुका नाहीत, तोडणीचा दर राज्यपातळीवर बसून ठरतो, हे मान्य. पण दिवाळीच्या सुमारास बीड, पाथर्डी, आष्टीकडून कोयते येतात ते उचल घेऊनच येतात. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत. हंगाम संपला की पुष्कळांच्या अंगावर बाकी राहते आणि पुढल्या साली त्याच वहीपाशी परत यावे लागते. सुप्याला जळाली ती वही आणि ही वही, ह्यांत आम्हांस फार फरक दिसत नाही. आपण सोसायटी काढून, कारखाना काढून त्या वहीतून सुटलो. आपला ऊस तोडणारा अजून सुटलेला नाही.

सभासदांची तक्रार आम्हांस ठाऊक आहे. टोळी शेतात आली की खुशाली मागते, ड्रायव्हर एंट्री मागतो, नाही दिली तर मोळ्या बांधावर पडून राहतात. मुकादम उचल घेऊन पळतो, वाहनमालक देशोधडीला लागतो. हे सगळे खरे आहे आणि त्याचा बंदोबस्त शेतकी खात्याने केलाच पाहिजे, चिठ्ठी देणाऱ्यापासून. पण त्यावर उपाय म्हणून 'ह्यांना काही देऊ नका' असे म्हणणारा सभासद आणि पोक साहेब एकाच बाकावर बसतात. काहींचे म्हणणे, आता यंत्र आले, मजुरांची कटकट संपेल. दोन फुटी सरीत आणि वीस गुंठ्यांच्या तुकड्यात यंत्र वळवून दाखवा, मग बोलू.

यंदाच्या वार्षिक सभेपुढे गाडीतळावर नळाचे पाणी, संडास, कोप्यांऐवजी पत्र्याचा निवारा आणि पोरांसाठी शाळा ह्या कामाकरिता टनामागे थोडी कपात करण्याचा विषय येत आहे. चावडीवर त्याच्या विरोधात बोलणे सुरू झाल्याचे कानावर आले. उसाच्या दरातून आधीच कपाती पुष्कळ, ही आणखी कशाला, असा सूर आहे. बाकीच्या कपातींचा हिशेब सभासदांनी सभेत अवश्य मागावा, आम्हीही मागणार आहोत. ह्या विषयाला मात्र आम्ही हात वर करणार; आणि उचलीची वही कारखान्याच्या कार्यालयात, कोयत्यागणिक, मजुराला वाचून दाखवून ठेवावी, अशी उपसूचनाही त्याच वेळी मांडणार आहोत. अनुमोदनाला तालुक्यातून दोन-चार सभासद उभे राहिले तर बरे होईल.