खडीच्या भावात जाणारे स्फटिक

दरवर्षी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरात खनिज-नमुन्यांची मोठी आंतरराष्ट्रीय बाजारपेठ भरते. १९५५ मध्ये सुरू झालेल्या या प्रदर्शनात भारतातून गेलेले स्फटिक जाणकाराला दुरूनही ओळखू येतात. हिरवट अपोफिलाइट, पीच रंगाचा स्टिल्बाइट, कापसाच्या बोंडासारखा ओकेनाइट आणि गडद निळा कॅव्हनसाइट ही त्यांतील ठळक नावे. जगभरातील संग्राहक आणि संग्रहालये ज्यांसाठी चढाओढ करतात ते हे नमुने मुख्यतः महाराष्ट्रातील पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील दगडखाणी आणि विहिरींमधून निघालेले असतात. मात्र ते जेथे निघतात तेथे त्यांची कायदेशीर ओळख कोणती, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी झालेल्या प्रचंड लाव्हा-उद्रेकांतून दख्खनचे पठार घडले. थंड होणाऱ्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घ काळ खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्यातील कॅल्शियम, सोडियम, सिलिका आदी द्रव्ये विरघळवून या पोकळ्यांत आणली आणि तेथे झिओलाइट गटातील व त्यांच्या सोबतची खनिजे स्फटिकरूपाने वाढली. एकोणिसाव्या शतकात भोर घाटातून लोहमार्ग काढताना असे नमुने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती लागले आणि विलायतेला गेले. त्या काळी युरोपातील अभ्यासकांनी पुण्याच्या नावावरून एका खनिजाला ‘पूनालाइट’ असे नावही दिले होते. पुढे ते मेसोलाइटच असल्याचे ठरले आणि पुण्याचा हा मान गेला.

कॅव्हनसाइटची कहाणी अधिक बोलकी आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या घटकांच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेले हे खनिज १९६७ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात प्रथम सापडले. तथापि त्याचे उत्कृष्ट नमुने मिळाले ते पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींत. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले निळे गोळे हे आज वाघोलीचे ओळखचिन्ह बनले आहे. राहुरी परिसरात २००१ मध्ये हिरव्या अपोफिलाइटचे जे विख्यात गोलाकार पुंजके मिळाले, ते तर पाण्यासाठी खोदलेल्या विहिरीतून.

या दोन्ही उदाहरणांत एक बाब समान आहे. स्फटिकांसाठी म्हणून कोणी खोदकाम केलेले नव्हते. खाण चालते ती खडीसाठी आणि सुरुंग लावला जातो तो दगड फोडण्यासाठी. पोकळी उघडी पडलीच तर पहार व छिन्नी घेतलेल्या कामगाराच्या नजरेवर आणि त्याला मिळणाऱ्या काही मिनिटांवर सारे अवलंबून असते. ती हुकल्यास स्फटिक क्रशरमध्ये जातात आणि रस्त्याच्या डांबराखाली गाडले जातात.

कायद्याच्या दृष्टीने बांधकामाचा दगड हे गौण खनिज आहे. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमान्वये त्याबाबतचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना असून महाराष्ट्रात स्वामित्वधन ब्रासच्या मापाने आकारले जाते. याउलट सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात खनिजशास्त्रीय संग्रहाच्या वस्तू कलाकृती व पुराणवस्तूंसमवेत सत्त्याण्णवाव्या प्रकरणात मोडतात. म्हणजे एकच वस्तू खाणीच्या तोंडाशी खडी असते आणि बंदरावर संग्राह्य ठेवा होते. या दोन टोकांमधील मूल्यवृद्धीचा वाटा कोणाला मिळतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. सुरुंगाच्या जागी जोखीम पत्करून पोकळी रिकामी करणारा मजूर या साखळीच्या तळाशीच राहतो.

या पार्श्वभूमीवर केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केलेल्या भूवारसा स्थळे व भूअवशेष जतन विधेयकाच्या मसुद्याचा विचार करावा लागेल. त्यात भूअवशेषांच्या व्याख्येत खडक, जीवाश्म, उल्का यांच्याबरोबर खनिजांचाही समावेश होता. हेतू स्तुत्य होता. परंतु भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या एकाच संस्थेकडे अधिकार एकवटतील, अशी टीका अभ्यासकांकडून झाली. स्फटिकांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. लोणारचे विवर जागेवर असते, म्हणून ते संरक्षित घोषित करता येते. खाणीतील पोकळी मात्र सुरुंग उडाल्यावरच कळते आणि बहुधा त्याच दिवशी संपते. केवळ स्थळ-संरक्षणावर उभा असलेला कायदा तिला वाचवू शकत नाही. संकलनावर सरसकट बंदी आल्यास तर चोरटा व्यापार वाढेल आणि उरलेला माल क्रशरमध्ये जाईल.

व्यापाराचेही गुणगान करण्याचे कारण नाही. नमुन्याचे वैज्ञानिक मोल त्याच्या चिठ्ठीत असते: कोणती खाण, लाव्हाचा कोणता थर, सोबत कोणती खनिजे. स्पर्धकाला ठिकाण कळू नये म्हणून ‘जळगाव’ किंवा ‘पुणे’ एवढेच लिहिलेला नमुना कपाटात शोभतो, परंतु संशोधकाच्या फारसा उपयोगी पडत नाही. भडक रंगात बुडवलेले ओकेनाइट आणि डिंकाने चिकटवलेले कॅव्हनसाइट यांनी भारतीय मालाच्या विश्वासार्हतेला बट्टा लावला आहे, तो निराळाच.

स्वित्झर्लंडच्या उरी प्रांतात स्फटिक शोधणाऱ्यांना परवाना घ्यावा लागतो. हा व्यवसाय तेथे पिढ्यानपिढ्या मान्यता पावलेला आहे. आपल्याकडे आल्प्सच्या कड्यांऐवजी चालू खाणी आहेत, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. तरीही खाणपट्ट्याच्या अटींमध्ये सापडलेल्या पोकळीची नोंद, कामगाराला निश्चित मोबदला आणि प्रत्येक उल्लेखनीय शोधातील एक नमुना सार्वजनिक संग्रहासाठी, एवढ्या तरतुदी राज्य सरकारला नियमांतून करता येण्याजोग्या आहेत. नाशिकजवळ सिन्नर येथे ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय उभे राहिले ते खासगी पुढाकारातून. ज्या भूमीतून हे सारे निघते तेथे सरकारी पातळीवर त्या तोडीचे दालन असू नये, हे खटकणारे आहे.

वाघोली जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत आली. शहराची वस्ती खाणींच्या काठापर्यंत पोहोचत असताना तेथील कोणत्या थरात काय सापडले, याची नोंद करण्यास उपलब्ध असलेला काळ फार मोठा नाही.