सहा मिनिटांची शिकवणी

मा. संपादक,


छोट्या व्हिडिओंमुळे प्राध्यापक करमणूककार बनले, हे गेल्या अंकातील लेखातले मत एकांगी आहे.

नॉटिंगहॅम विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ मार्टिन पोलियाकॉफ आणि सहकाऱ्यांनी २००८ पासून, व्हिडिओ-पत्रकार ब्रॅडी हॅरन यांच्या कॅमेऱ्यासमोर, प्रत्येक मूलद्रव्यावर व्हिडिओ केले. सीझियम पाण्यात पडताच होणारा स्फोट किती महाविद्यालयांत दाखवता येईल?

लांबी म्हणजे खोली, हेही लेखकाचे गृहीतकच. संशोधक फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील सुमारे ६९ लाख प्रेक्षण-सत्रे तपासली. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ विद्यार्थ्यांना अधिक धरून ठेवतात, असे आढळले.

व्हिडिओ प्रात्यक्षिकाची जागा घेत नाही, एवढे मान्य.

लेखकाने ही दुसरी बाजूही मांडावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक