"माहिती दिली होती" म्हणे!

कुठल्याही एचआर विभागात जा, एक वाक्य हमखास ऐकायला मिळेल. "आम्ही सगळी माहिती मेलवर पाठवली होती, लोक वाचतच नाहीत." आणि हे म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव असतो की, बघा, आम्ही ताट वाढलं होतं, यांनीच जेवून घेतलं नाही!

मला या वाक्याचा मनापासून राग येतो. कारण ते खरंही असतं आणि खोटंही. मेल पाठवलेली असते हे खरं. माहिती दिलेली असते हे मात्र खोटं. चाळीस पानांची इंग्रजी पीडीएफ, तीही विमा कंपनीनं स्वतःच्या वकिलांसाठी लिहिलेली, शुक्रवारी संध्याकाळी पाठवायची आणि "सोमवारपर्यंत पर्याय निवडा, अन्यथा मूळ पर्याय लागू होईल" असं खाली लिहायचं, याला माहिती देणं म्हणत नाहीत. पुढेमागे कोणी तक्रार केली तर दाखवायला कागद तयार ठेवणं म्हणतात.

नोकरीच्या पहिल्याच कागदापासून सुरुवात करू. पोराला सहा लाखांचं 'पॅकेज' मिळालं की घरात पेढे वाटले जातात आणि आई हिशोब करते, महिन्याला पन्नास हजार! आता हे सहा लाख उलगडून बघा. समजा मूळ पगार महिना 25,000 आहे. त्यातले 60,000 'व्हेरिएबल', म्हणजे कंपनीची आणि साहेबाची मर्जी. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 15,000 च्या मर्यादेवर धरला तर वर्षाचे 21,600. ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराच्या 4.81 टक्के, म्हणजे 14,430. विम्याचा हप्ता धरा 8,400. उरलेल्याला बारानं भागून त्याच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 वजा केला की हातात येतात साधारण 39,300. यात बेकायदा काही नाही. पण हा हिशोब करायला मला पाच ओळी लागल्या. नेमणूकपत्रासोबत त्या पाच ओळी द्यायला कंपनीचं काय जातं?

आणि ती ग्रॅच्युइटी! कायम नोकरीतल्या माणसाला ती साधारणपणे सलग पाच वर्षं झाल्यावरच मिळते. 1972 च्या कायद्यात तसं होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आहे (ठराविक मुदतीच्या नेमणुकीला मात्र आता एक वर्ष पुरतं). म्हणजे तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याच्या पॅकेजमध्ये दरसाल मोजलेली ती रक्कम त्याला कधीच दिसत नाही. हे त्याला कोणी सांगतं का? किंवा ठराविक मुदतीवर घेतलेल्या मुलीला, की बाई गं, वर्ष पूर्ण होण्याआधी पंधरा दिवस सोडून जाऊ नकोस?

पीएफची तर वेगळीच कथा. आपल्या पगाराचे 12 टक्के जातात आणि तेवढेच कंपनी घालते, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण कंपनीच्या 12 मधले 8.33 टक्के (ठरलेल्या वेतनमर्यादेपर्यंत) 1995 साली सुरू झालेल्या पेन्शन योजनेत जातात, आणि तिथलं पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते, हे कितींना माहीत आहे? मुलं नोकरी बदलताना मागचं खातं मोडून पैसे काढतात, पेन्शनचेही काढतात, आणि दहा वर्षांचा धागा दर वेळी तुटतो. कारण हातात पडतो तो रिकामा फॉर्म. कुठला भरला की काय गमावशील, हे सांगणारा माणूस पडत नाही.

याच पीएफला जोडून एक विमा असतो, ईडीएलआय. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना 7 लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. त्यासाठी कर्मचाऱ्याला एक पैसा भरावा लागत नाही. किती घरांना हे माहीत असतं? बरं, लग्नाआधी केलेलं पीएफचं नामनिर्देशन लग्नानंतर ग्राह्य राहत नाही, नव्यानं करावं लागतं. लग्नाची रजा मंजूर करणारा एचआर हे एक वाक्य बोलू शकत नाही? रजेच्या अर्जाला उत्तर देतानाच टाकायचं ना ते!

इथे एक नेहमीचा युक्तिवाद येतो. "कर्मचारी काय कुक्कुली बाळं आहेत का? सज्ञान आहेत, शिकलेले आहेत, वाचावं त्यांनी." ठीक आहे. मग नोव्हेंबर 2022 आठवा. सर्वोच्च न्यायालयानं वाढीव पेन्शनचा निकाल दिला आणि पात्र लोकांना चार महिन्यांत पर्याय निवडायला सांगितलं. वाढीव पेन्शन घ्यायचं तर पीएफमधली मोठी रक्कम पेन्शन फंडात वळवायची. पेन्शन आपल्याला आणि आपल्यामागे जोडीदाराला, मुद्दल मात्र मुलाबाळांच्या हाती येणार नाही. म्हणजे हिशोब नुसता आकड्यांचा नव्हता. आपली तब्येत, बायकोचं वय, मुलीचं लग्न, सगळं त्यात होतं. मुदत 3 मार्च 2023 वरून 3 मे, मग 26 जून, मग 11 जुलै अशी सरकत गेली, आणि त्या सगळ्या काळात चांगले इंजिनिअर झालेले, हिशोबात पक्के असलेले लोक व्हॉट्सॲपवर आलेल्या एक्सेल शीटवर आयुष्याचा निर्णय घेत होते! हे अडाणी नव्हते. ज्याच्याकडे विचारायला जावं असा माणूसच नव्हता.

आता दुसऱ्या टोकाला या. तुमच्या ऑफिसच्या दारात उभा असलेला सुरक्षारक्षक, फरशी पुसणाऱ्या मावशी. नोंदणी झालेल्या ठिकाणी महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआय लागू होतं. 2019 पासून कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के. त्या बदल्यात कुटुंबासह उपचार, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के भत्ता. मुंबईत मुलुंडला, पुण्यात बिबवेवाडीला त्यांचं रुग्णालय आहे. तिथल्या सोयींबद्दल तक्रारी आहेत, मान्य. पण आपल्याकडे ते कार्ड आहे हेच ज्या मावशींना माहीत नाही, त्या नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी मंगळसूत्र गहाण टाकतात. पगारातून कपात मात्र महिन्याच्या महिन्याला होते, तिथे चूक होत नाही. ठेकेदार सांगत नाही, आणि कंपनी म्हणते की त्या "आमच्या पे-रोलवर नाहीत".

मेडिक्लेमचंही तेच. "पाच लाखांचं कव्हर आहे" एवढंच लक्षात राहतं. खोलीच्या भाड्याची मर्यादा रोज 5,000 असताना 8,000 ची खोली घेतली, तर फरक फक्त तीन हजारांचा नसतो. अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. असा दोन लाखांचा खर्च असेल तर मिळतात सव्वा लाख. हे कळतं कधी? डिस्चार्जच्या काउंटरवर, पेशंटला व्हीलचेअरवर बसवून झाल्यावर. आणि नोकरी सुटली की कंपनीचं कव्हरही सुटतं. पन्नाशीत, मधुमेह जडल्यावर नवी पॉलिसी घ्यायला गेलं की आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

मग हे समजावून का सांगत नाहीत? केवळ आळस म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. न समजलेला लाभ स्वस्त पडतो, हे साधं गणित आहे. जो मागत नाही, त्याला द्यावं लागत नाही. काही न निवडणारा माणूस कंपनीनं ठरवलेल्या मूळ पर्यायावर राहतो, आणि तो पर्याय कोणाच्या सोयीनं ठरवलेला असतो, हे सांगायला नको. ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी 2001 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. निवृत्तीच्या बचत योजनेत लोकांना आपोआप सामील करून घेतल्यावर सहभाग खूप वाढला. पण बहुतेक जण कंपनीनं आखून दिलेल्या त्या कमी टक्क्यावर आणि त्याच फंडात पडून राहिले. म्हणजे 'मूळ पर्याय' हा निर्णयच असतो, फक्त आपल्या वतीनं दुसऱ्यानं घेतलेला.

"आम्ही सल्ला दिला आणि नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची?" हाही एक प्रश्न येतो. रास्त आहे. पण सल्ला देणं वेगळं आणि समजावणं वेगळं. "तू हे घे" म्हणू नका. "हे घेतलंस तर असं होईल, ते घेतलंस तर तसं" एवढं तर म्हणा. काही कंपन्या मोठ्या थाटात 'आर्थिक साक्षरता शिबिर' भरवतात आणि बोलायला बोलावतात विमा विकणाऱ्याला! एवढी वर्षं जबाबदारीला घाबरणारे त्या दिवशी कुठे जातात?

पूर्वी युनियनच्या ऑफिसात एखादा जाणता माणूस टेबल टाकून बसायचा. पीएफची स्लिप, रजेचा हिशोब, वारसाचा फॉर्म, सगळं समजावून द्यायचा. युनियनबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो, ते टेबल मोलाचं होतं. आयटीत आणि ठेकेदारीत ते टेबल उठलं, आणि त्या जागी आलं एक पोर्टल, ज्याचा पासवर्ड दर नव्वद दिवसांनी बदलावा लागतो.

माझी मागणी फार मोठी नाही. एक पान, मराठीत, आकड्यांच्या उदाहरणासह. निवडीला तीन दिवसांऐवजी एक महिना. प्रश्न विचारायला एक माणूस, ज्याला विमा कंपनीकडून कमिशन मिळत नाही. काहीच न निवडणाऱ्यासाठी त्याच्या हिताचा मूळ पर्याय. नोकरी सोडताना अर्धा तास, पीएफ वळवायचा कसा आणि विमा चालू ठेवता येतो का, हे सांगायला. आणि हे सगळं दारातल्या सुरक्षारक्षकालाही, मग त्याचा पगार कोणीही करो.

हे लाभ म्हणजे दिवाळीची मिठाई नाही. ते पगारातलेच पैसे आहेत, पॅकेजमध्ये मोजून दाखवलेले. दुकानदार सुट्टे परत देतो तेव्हा मोजून हातावर ठेवतो, "गल्ल्यात आहेत, शोधून घ्या" म्हणत नाही. तुमच्या ऑफिसात पुढच्या वेळी "माहिती दिली होती" ऐकलंत, तर एवढंच विचारा, "कोणाला कळली?"